पाणी शिरतं एकीकडे, दिसतं दुसरीकडे

कॅम्पर व्हॅन (आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घेतली तेव्हा ती 26 वर्षांची होती. इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू झालं, पत्र्याला फारसा गंज नव्हता, तेवढ्यावर मी व्यवहार पक्का केला. दारं-खिडक्या लावून पाच मिनिटं आत बसलो असतो तर कुबट वास आला असता. आता कुणी जुनी व्हॅन बघायला निघालं, की मी हेच सांगतो: आधी वास घ्या, कोपऱ्यांतलं प्लायवूड अंगठ्याने दाबून बघा, इंजिनचं नंतर.

पहिल्याच पावसात मागच्या कोपऱ्यातली गादी ओली झाली. वर खिडकी होती, म्हणून तिच्या कडेने सिलिकॉन भरलं. पुढच्या पावसात पुन्हा ओल. मग छतावरच्या झरोक्याभोवती सिलिकॉन. तरी ओल होतीच. ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. सिलिकॉनचा पातळ थर पत्र्यावर राहतो आणि त्यावर दुसरं कुठलंच सीलंट नीट धरत नाही. ते खरवडून काढण्यात तीन दिवस गेले.

शेवटी पद्धतशीर शोधायचं ठरवलं. बायको टॉर्च घेऊन आत बसली, मी बाहेरून पाण्याची नळी धरली. सुरुवात खालून करायची, एकेका जागी दहा मिनिटं पाणी सोडायचं आणि मगच वर सरकायचं. आधीच छतावर पाणी ओतलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. खिडकी कोरडी निघाली. छताच्या कडेला ऑनिंगची (बाहेर ओढायच्या कापडी छपराची) रेल आहे, तिच्या पुढच्या टोकाला नळी लावल्यावर काही मिनिटांनी आतून हाक आली. रेलच्या स्क्रूच्या भोकांतून पाणी आत शिरत होतं आणि आतल्या लाकडी पट्टीवरून जवळजवळ दोन मीटर मागे वाहत येऊन गादीवर पडत होतं.

रेल काढली, जागा साफ केली, ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावून ती पुन्हा बसवली. स्क्रू एकदम आवळले नाहीत. टेप हळूहळू दबते, म्हणून दोन दिवस थोडे थोडे आवळत गेलो. पॉलियुरेथेन सीलंट इथे मुद्दाम टाळलं. ते इतकं घट्ट चिकटतं, की पुढे रेल काढायची वेळ आली तर पत्राच वाकेल.

आतलं पॅनेल उघडलं तेव्हा वाईट वाटलं. लाकडी पट्ट्या हाताने चुरत होत्या. कुजलेलं कापून काढलं, पण नवीन लाकूड लगेच ठोकलं नाही. दारं उघडी ठेवून, पंखा लावून सहा आठवडे सगळं वाळू दिलं. ओल आत कोंडली असती तर नवीन लाकूडही कुजलं असतं.

वायरिंगमध्येही असंच झालं. पाण्याचा पंप रडतखडत चालायचा, म्हणून मी बॅटरी बदलायला निघालो होतो. त्याआधी मल्टीमीटर लावला. पंप चालू असताना बॅटरीवर 12.5 व्होल्ट, पंपावर मात्र 10.9. बॅटरीच्या निगेटिव्हपासून पंपाच्या निगेटिव्हपर्यंत मोजलं तर एकट्या त्या बाजूला 1.4 व्होल्ट खाल्ले जात होते. अर्थिंगचा बोल्ट गंजला होता. घासून, आवळून, ग्रीस लावल्यावर पंप ठणठणीत झाला.

टायरची नक्षी नव्यासारखी होती. पण साइडवॉलवर बारीक भेगा होत्या, आणि तिथले चार आकडे वाचले (पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे) तेव्हा टायर किती जुने आहेत ते कळलं. अशी गाडी उभीच जास्त असते. टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात. स्टेपनीसकट पाचही बदलले. इंजिनमधल्या टायमिंग बेल्टचंही तसंच, नुसते किलोमीटर बघून चालत नाही. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं, ते दर दोन वर्षांनी बदलतो.

गॅसच्या जोडण्यांना मात्र मी हात लावला नाही, ते काम जाणकाराकडूनच करून घेतलं. त्याने सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाचं भोक दाखवलं. थंड वारा येतो म्हणून आधीच्या कुणीतरी ते फळीने बुजवलं होतं. एलपीजी हवेपेक्षा जड. गळती झाली तर तो खालीच साठतो आणि बाहेर पडायला त्याला तेवढीच वाट असते. फळी त्याच क्षणी उखडली.

आता दर मोठ्या पावसानंतर गादी उचलून कोपऱ्यात हात फिरवतो. दोन पावसाळे तो कोरडा आहे. पुढच्या खिडकीचं रबर कडक व्हायला लागलंय, ते तिसऱ्याच्या आधी बदलायचंय.