ना धड पिस्तूल, ना धड रायफल

माझ्याकडे एक कार्बाइन आहे, म्हणजे पिस्तुलाचीच 9 एमएम गोळी मारणारी आखूड रायफल. नेमबाजीच्या रेंजवरचे विचारतात, "9 एमएमच मारायची तर पिस्तूल घ्यायचं, नाहीतर सरळ एआर-15 सारखी रायफल घ्यायची. हे मधलंच काय घेऊन बसलात?" मराठी मंडळातले विचारतात, "मुळात बंदूक हवीच कशाला?" इतकी वर्षं मी दोघांनाही अर्धंच उत्तर देत आलोय. रेंजवर कायद्याचा हिशेब, मंडळात चोरीची गोष्ट.

चोरीचं आधी संपवतो. दिवाळीत आम्ही पार्टीला गेलो होतो, मागचं दार फोडून सोनं नेलं. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्यांना यात नवीन काही नाही. पण घरात कुणीच नव्हतं. बंदूक असती तर सोन्याबरोबर तीही गेली असती. हे मला तेव्हाही कळत होतं.

आता हिशेब. न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलाला वेगळं परमिट, त्याची मुदत 90 दिवस, आणि 30 दिवसांत एकच पिस्तूल. रायफलींना बंदूक घ्यायचं एकच ओळखपत्र पुरतं, मग दुकानात दर वेळी फक्त पार्श्वभूमीची तपासणी. मॅगझिनमध्ये 2018 पासून 10 च गोळ्या, आधी 15 चालायच्या. रायफल सेमी-ऑटोमॅटिक असेल आणि मॅगझिन निघणारं असेल, तर पिस्तुलासारखी मूठ, मागेपुढे सरकणारा दस्ता, गोळीचा लखलखाट झाकणाऱ्या फ्लॅश सप्रेसरसाठी नळीच्या टोकाला आटे, संगिनीची सोय, अशा पाचांपैकी दोन गोष्टी असल्या की ती बाद. पाचवी ग्रेनेड फेकायची सोय. एडिसनमध्ये ती कोण लावणार होतं, देव जाणे.

पूर्वी मी तावातावाने सांगायचो, हा कायदा नुसतं रूप बघतो. मग कुणीतरी दाखवलं की दुसऱ्या महायुद्धातली एम-वन कार्बाइन, साध्या लाकडी दस्त्याची, नावानिशी बंदीच्या यादीत आहे. तेव्हापासून तावातावाने काही बोलत नाही.

तर मी रुगरची पीसी कार्बाइन घेतली. 16 इंची नळी, साधा दस्ता, आटे नाहीत, मॅगझिन 10 चं. बायकोच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, तिलाही धक्का सोसतो. आमच्या बंद रेंजवर रायफलच्या गोळ्या चालत नाहीत, 9 एमएम चालते. सगळं खरं आहे. पण याच्यासाठी मी ती घेतली नाही.

ओळखपत्राच्या अर्जात दोन ओळखीच्यांची नावं द्यावी लागतात. 2020 साली मी एक नाव ऑफिसातलं दिलं आणि दुसरं माझ्या मित्राचं. त्याच्याबरोबर 15 वर्षं गणपतीचं मखर बांधलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने अंगठा दाखवला. त्याला ईमेलने प्रश्नावली गेली, आणि तीन आठवडे काही हललं नाही. शेवटी मी फोन केला.

"वाचलं रे," तो म्हणाला. "या माणसाकडे बंदूक असू नये असं काही माहीत आहे का, असं विचारलंय."

"मग नाही म्हणून लिही की."

"तुझ्याबद्दल नाहीच लिहीन. पण घरात तू एकटा नाहीस."

मुलगा तेव्हा सोळाचा. त्या वर्षी तो खोलीतून बाहेर येत नव्हता, ताट दाराशी ठेवावं लागायचं, रात्री दोनला दाराखालून उजेड दिसायचा. हे मीच मित्राला सांगितलं होतं, गाडीत, दोघंच असताना. तेच त्याने मला परत ऐकवलं म्हणून मी भडकलो. "माझ्या पोराचं मला कळतं," म्हणालो आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी शेजाऱ्याचं नाव दिलं. यथावकाश कार्ड आलं.

त्या वर्षी मखर मी एकट्याने बांधलं. वाकडं झालं होतं.

कार्ड आलं तरी बंदूक दोन वर्षं घेतली नाही. मुलगा कॉलेजला गेला, तेव्हा घेतली. हे मी मित्राला अजून सांगितलेलं नाही. आम्ही आता बोलतो, पण ते सोडून.

आणि घेताना हीच घेतली, कारण हिचे दोन तुकडे होतात. पुढचा खटका दाबायचा, नळी पिळायची, निघते. मुलगा सुट्टीत यायचा असला की मागचा भाग बॅगेत घालून तिजोरीत राहतो आणि नळी माझ्या ऑफिसच्या कपाटात जाते, कुलपात. पिस्तूलही उघडतं, त्याचीही नळी काढून नेता आली असती, असं रेंजवरचे लगेच म्हणतील. आली असती. मुळात न घेताही आलं असतं, असं मित्र म्हणेल. त्यालाही माझ्याकडे उत्तर नाही. रविवारी सकाळी शेवटची गोळी मारून कान मोकळे केले की डोक्यात जी शांतता होते ती मला हवी असते, एवढंच सांगता येतं, आणि ते कुणालाच पुरत नाही.

मुलगा आता बरा आहे. डॉक्टरही तेच म्हणतात. गेल्या नाताळात तिजोरीतून पासपोर्ट काढताना मी ती बॅग त्याच्या हातात दिली, जरा धर म्हणून. त्याने ती वरखाली करून पाहिली.

"बाबा, हलकी का लागतेय?"

"साफ करायला दिलीय," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. बॅग जागेवर नीट ठेवली आणि खाली जेवायला गेला.