चित्रकलेची खोली आणि रजिस्टरमधली पेटी

शाळेत चित्रकलेची खोली लावायची म्हटलं की सगळे रंगांपासून सुरुवात करतात. क्रेयॉन कुठले घ्यायचे, भिंतीवर काय लावायचं, मुलांना बसवायचं कसं. मी डेड स्टॉक रजिस्टरपासून, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंद असलेल्या वहीपासून सुरुवात करते. माझं पहिलं सत्र त्या लाल बांधणीच्या वहीने खाल्लं आणि तो राग अजून उतरलेला नाही.

ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा) झाल्यावर मध्य मुंबईतल्या एका जुन्या मराठी शाळेच्या प्राथमिक विभागात लागले. मुलाखत, कागदपत्रं, रुजू होणं, सगळं सुरळीत. पहिली ते चौथीचे वर्ग, प्रत्येकात पन्नासच्या आसपास मुलं आणि पस्तीस मिनिटांची तासिका. मोठ्या बाईंनी हौसेने तिसऱ्या मजल्यावरची खोली दाखवली. “ही तुमची चित्रकलेची खोली.” खिडक्या उत्तरेला, म्हणजे दिवसभर सावलीचा एकसारखा उजेड. चित्र काढणाऱ्या माणसाला याहून काय हवं? फक्त खिडक्यांपर्यंत पोचता येत नव्हतं. मधे मोडके बाक एकावर एक रचलेले, किल्ली हरवलेलं लोखंडी कपाट, उंदरांनी कुरतडलेले नकाशे, एक ओव्हरहेड प्रोजेक्टर आणि जुन्या जाड काचेचे कॉम्प्युटर मॉनिटर.

मी शिपाईमामांना म्हटलं, “मामा, उद्या हे खाली नेऊया.” मामा हसले. “बाई, हे हलत नाही. ह्याच्यावर नंबर आहे.”

खरंच होता. प्रत्येक बाकाच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने रजिस्टरचा क्रमांक. ज्या वस्तूवर क्रमांक आहे ती मोडली, कुजली, तिला वाळवी लागली तरी कागदावर ती शाळेची मालमत्ता असते. ती बाहेर काढायची तर निर्लेखन, म्हणजे रजिस्टरमधून तिची नोंद रीतसर रद्द करावी लागते. त्यासाठी यादी करायची: वस्तूचं नाव, खरेदीचं वर्ष, किंमत, सद्यस्थिती, शेरा. मग समिती पाहणी करणार, मंजुरी येणार, भंगारवाल्यांची कोटेशनं मागवायची, आलेले पैसे शाळेच्या खात्यात भरायचे, आणि मग कुठे रजिस्टरमध्ये त्या ओळीवर लाल शाईने रेघ. या पद्धतीशी माझं भांडण नाही. शाळेचं सामान कोणीही उठून विकू नये हे बरोबरच आहे. माझं भांडण आहे ते पेटीशी.

आमच्या क्लार्क सरांनी रजिस्टर पुढे सरकवलं आणि म्हणाले, “मॅडम, आधी खोलीच्या ताब्याची सही करा. बाकीचं मग बघू.” नव्याने लागलेल्या सगळ्यांना हात जोडून सांगते, अशी सही लगेच करू नका. यादी मागा, खोलीत उभं राहून एकेक वस्तू टिकमार्क करा आणि मगच पेन उघडा. एकदा सही झाली की खोलीतलं सामान तुमच्या नावावर, आणि खोलीत नसलेलंसुद्धा. मी टिकमार्क केले. बाक जुळले, कपाट जुळलं, नकाशेसुद्धा जुळले. ‘हार्मोनियम, नग १’, म्हणजे ती पेटी, मात्र खोलीत नव्हती. सही न करण्याच्या त्या हट्टाचा मला आजही अभिमान आहे, स्टाफरूममध्ये कोणी काहीही म्हणो.

आता गंमत बघा. यादी पूर्ण जुळल्याशिवाय निर्लेखनाचा प्रस्ताव संस्थेच्या कार्यालयात स्वीकारत नाहीत. म्हणजे पेटी सापडेपर्यंत बाक हलणार नाहीत. बाकांचा पेटीशी संबंध काय? एकाच खोलीच्या पानावर नोंद आहे, हा संबंध. मी संस्थेच्या कार्यालयात गेले. साहेब मीटिंगमध्ये होते. पुन्हा गेले तर साहेब होते, पण समितीची सभा ठरली नव्हती. सभा ठरली तेव्हा कळलं की बाकांच्या खरेदीची किंमत लिहिलेली नाही. ती लिहिणार कोण? बिलं केव्हाच गेलेली. शेवटी जुन्या रोकडवहीतून आकडा शोधला. मग ‘दुरुस्ती परवडत नाही’ असं सुताराकडून लेखी हवं होतं. सुताराने बाकाला हात लावला, हातात भुसा आला, आणि त्याने मला विचारलं, “हे लिहून द्यायला लागतं?” लागतं हो, दादा.

तोवर मी फिरती चित्रकला चालवली. रंग, ब्रश, पाणी, सगळं घेऊन वर्गावर्गात. यातून एक गोष्ट शिकले ती सांगते: मुलांना ब्रश धुवायला नळावर पाठवू नका. एका नळावर पन्नास मुलं गेली की तासिका तिथेच संपते. वर्गात दोन बादल्या ठेवा. पहिलीत रंग काढायचा, दुसरीत ब्रश विसळायचा. श्रीखंडाचे रिकामे डबे बाकावर पाण्यासाठी उत्तम, बूड रुंद असल्यामुळे सहज लवंडत नाहीत. आणि घरून बाबांचा जुना शर्ट आणायला सांगा, उलटा घालायचा, बटणं पाठीवर. गणवेशाच्या तक्रारी थांबतात. ॲक्रिलिक लहान मुलांच्या हातात देऊच नका, वाळलं की कपड्यावरून निघत नाही.

पेटी सापडली ती योगायोगाने. शिक्षकदिनाला एक निवृत्त बाई आल्या होत्या. चहा घेता घेता त्यांना मी माझी रडकथा ऐकवली, तर त्या शांतपणे म्हणाल्या, “अगं, ती पेटी माध्यमिकला नेली होती ना स्नेहसंमेलनाला. परत कुठे आली?” माध्यमिक विभाग म्हणजे आमच्याच आवारातली पलीकडची इमारत. तिथे रोज परिपाठाला तीच पेटी वाजत होती आणि मी रोज खाली उभी राहून ती ऐकत होते. उलटी करून पाहिली तर बुडाला पांढरा क्रमांक. मला वाटलं, सुटलो. कसलं सुटतोय! नेताना कागद झाला नव्हता, म्हणून आता हस्तांतरणाचं पत्र हवं, दोन्ही मुख्याध्यापकांच्या सह्यांचं. माध्यमिकच्या सरांना वाटलं आम्ही पेटी परत मागतोय, त्यामुळे त्यांनी पत्र अडवलं. ‘पेटी तुमच्याकडेच राहील’ हे त्यांना मोठ्या बाईंनी स्वतः जाऊन सांगितलं तेव्हा सही झाली.

पुढचं दिवाळीच्या सुट्टीआधी उरकलं. बाक गेले, कपाट कटरने उघडलं. आत जुन्या हजेरीवह्या निघाल्या. मॉनिटर मात्र भंगारवाल्याला देता येत नाहीत. त्यांच्या काचेत शिसं असतं, आणि 2022 च्या ई-कचरा नियमांनुसार ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवेत. म्हणजे त्यांचा प्रस्ताव वेगळा. निर्लेखनाची यादी करताना लाकूड-लोखंड आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू सुरुवातीपासूनच वेगळ्या कागदावर लिहा, नाहीतर एकामुळे दुसरं अडतं.

खरेदीचं थोडक्यात. अब्दुल रहमान स्ट्रीटला घाऊक स्टेशनरी मिळते, पण बिलावर शाळेचं नाव आणि जीएसटी क्रमांक हवा हे भाव करायच्या आधी सांगा. नंतर सांगितलं तर भाव बदलतो. ड्रॉइंग पेपर कापलेला घेण्यापेक्षा बावीस बाय तीस इंचांचा पूर्ण इम्पीरियल कागद घ्या. एकातून अकरा बाय पंधराचे चार निघतात, पन्नास मुलांना तेरा कागद पुरतात. तिथवर गेलात तर क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची शिल्पं वर मान करून बघून या. जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये एकेकाळी शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांच्या रचनेची आहेत ती, आणि खाली फळवाल्यांच्या गर्दीत कोणी बघत नाही.

पावसाळ्याचं सांगायचं राहिलंच. जुलैत कागद जमिनीलगत ठेवू नका, ओल धरतो. पोस्टर कलरच्या उघडलेल्या बाटल्यांवर बुरशी येते, लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाकला तर टिकतात. ओली चित्रं सुकायला मी आडव्या दोऱ्या बांधल्यात आणि कपड्यांचे चिमटे लावलेत. त्या पंख्याच्या वाऱ्यात येतील अशा बांधा, पण पात्यांपासून लांब आणि मुलांच्या हातापेक्षा वर. ब्रश केस वर करून उभे ठेवा. शाडूच्या मातीचे हात आधी बादलीत धुवायचे आणि ते गढूळ पाणी नाल्यात न ओतता माती खाली बसू द्यायची.

खोलीत नळ नाही. शौचालयाची पाइपलाइन भिंतीच्या पलीकडेच आहे, म्हणून मी बेसिनसाठी अर्ज दिलाय. परवा त्यावर शेरा आला: तीन कोटेशनं जोडावीत, आणि खोलीतील मॉनिटरचं काय झालं ते कळवावं.