बाल्टीतलं वावर

आमच्याकडे साडेसात एकर वावर आहे, आणि मी सांबार दर बाजाराला विकत आणत होतो. (सांबार म्हणजे आमची कोथिंबीर. पुण्याकडच्या पाहुण्यांनी इडली डोळ्यांपुढे आणू नये.) आजीच्या काळी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासांमधेच चवळी, अंबाडी, भेंडी निघायची आणि घरामागच्या सांदवाडीच्या कुंपणावर वाल चढलेला असायचा. आता तणनाशक फवारलेल्या वावरात चवळी कुठली तग धरते? सांदवाडी तर स्लॅबच्या घरानं आणि बाथरूमनं खाल्ली. उरला तो आठ बाय चारचा सिमेंटचा ओटा.

त्या ओट्यावर मी गेल्या उन्हाळ्यात रंगाच्या दोन रिकाम्या बाल्ट्या मांडल्या. बुडाला छिद्रं पाडली आणि वावरातली काळी माती गच्च भरली. एवढी कसदार माती घरची असताना कुंडीसाठी माती विकत कोण आणेल? एकीत टमाटर, दुसरीत मिरची. आई दारातून बघत होती. "काऊन रे, आता बाल्टीत पऱ्हाटी लावतं का?"

रोज सकाळी पाणी घालायचो. खालून पाणी निघालं की पोट भरलं असं समजून आत जायचो. पण दुपारी मान टाकलेली रोपं संध्याकाळीही ती उचलेनात. शेवटी खुरपं खुपसलं तर दोन बोटांखाली माती विटेसारखी कोरडी! काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. बाल्टीत ती आकसून कडेपासून सुटली होती, आणि माझं सगळं पाणी त्या फटीतून सरळ ओट्यावर जात होतं. वावरातल्या ह्याच भेगांतून पहिला पाऊस खोलवर मुरतो, म्हणून आपण त्यांना नावं ठेवत नाही.

मग एक घमेलं काळी माती, एक घमेलं रेती, एक घमेलं जुनं शेणखत असं केलं. खत जुनंच हवं. ताज्या शेणानं मिरचीची मुळं कशी जळतात तेही शिकून झालं. त्या शिक्षणाबद्दल जास्त लिहीत नाही.

सांबारानं तर पार फजिती केली. मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना, किराणातले धने मूठभर फेकले आणि पंधरा दिवस ओल्या मातीकडे बघत बसलो. आईनं दसऱ्यापर्यंत थांबायला लावलं. मग ओट्यावर धने पसरून चपलेनं हलकेच रगडले. प्रत्येक धना टचकन दोन फाकांत फुटला. एका धन्यात दोन बिया असतात, हे साडेसात एकराच्या मालकाला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. रात्रभर भिजवून पेरले, वर बोटाच्या पेराएवढी माती. दहाव्या दिवशी दोन-दोन लांबट पानांचे हिरवे कोंब वर आले. मी सकाळी चहाचा कप घेऊन तिथेच उकिडवा बसलो. सोयाबीन उगवल्यावर असं कधी बसलो नव्हतो. तिथं उगवण मोजायची असते, न उगवलेल्या जागांची किती तुटाळी पडली ते बघायचं असतं.

यंदा पुदिना आहे. बाजारातल्या जुडीतल्या चार काड्या पेल्यात ठेवल्या, मुळं फुटली, लावल्या. बाल्टी मुद्दाम कूलरच्या आडोशाला ठेवली, थेंब गळतात ते आयतेच मिळतील म्हणून. आठवड्यात पानांच्या कडा करपल्या आणि मातीवर पांढरी खपली आली. कूलरमधलं पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच साठत राहतात, तेच मी त्याला पाजत होतो. आता विहिरीचं पाणी घालतो, बाल्टीला बाहेरून चुना फासलाय, वर हिरवी जाळी बांधलीय.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला तशी मी बाल्टी उचलून आत खिडकीपाशी आणली, कूलरच्या झोतात. आई खाटेवरून उठून बसली.

"पुदिन्याले कूलर," ती म्हणाली, "अन् मले पंखा!"