'लुकिंग फॉरवर्ड टु'च्या पुढे काय लिहावे?
नोकरीच्या अर्जाच्या किंवा कार्यालयीन ईमेलच्या शेवटी आपल्याकडे 'लुकिंग फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू' असे सर्रास लिहिले जाते. प्रमाण इंग्रजीत मात्र तेथे 'हिअर' नव्हे, 'हिअरिंग' हवे. घोटाळ्याचे मूळ 'टु'मध्ये आहे. 'आय वाँट टु गो' यातला 'टु' क्रियापदाच्या मूळ रूपाला जोडलेला असतो, तर 'लुक फॉरवर्ड टु'मधला 'टु' आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा असून त्याच्यापुढे नाम किंवा नामासारखे चालणारे 'आयएनजी' रूपच येते. शंका आल्यास तेथे 'युअर रिप्लाय' ठेवून पाहावे. ते बसले, की क्रियापदालाही 'आयएनजी' लागणार. खरे तर मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये, कारण आपणही 'तुम्ही येण्याची वाट पाहतो' असेच म्हणतो, आणि 'येणे' हे धातुसाधित नामच आहे. 'युज्ड टु'चे प्रकरण अधिक फसवे: 'आय युज्ड टु वॉक' म्हणजे मी पूर्वी चालत असे, तर 'आय अ‍ॅम युज्ड टु वॉकिंग' म्हणजे मला चालण्याची सवय आहे. औपचारिक पत्रात 'आय लुक फॉरवर्ड' लिहावे. 'आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड' किंचित सलगीचे वाटते, आणि कर्ता गाळून नुसते 'लुकिंग फॉरवर्ड' लिहिणे अर्जात तरी मला पटत नाही.