दुसऱ्या गिअरची रिंग आणि उभा चिरलेला शॉकअप

गिअरबॉक्सचं कटअवे मॉडेल, म्हणजे आतली रचना दिसेल असं कापलेलं, निम्म्याच्या पुढे सरकलंय. केसिंगला खिडकी पाडून झाली, कडा कानशीने मारल्या, दोन्ही शाफ्ट धुऊन बाकावर मांडलेत. बॉक्स पाच गिअरांचा, पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचा, म्हणजे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरसंच) त्याच केसिंगमध्ये बसलेला.

तेल काढलं तेव्हाच बरंच कळलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा होता, तो असतोच. पण ट्रे उजेडात तिरका धरला की तेलात सोनेरी भुकटी फिरताना दिसत होती. ती चुंबकाला धरत नाही, म्हणजे पितळ. आणि या बॉक्समध्ये पितळ आहे ते फक्त सिंक्रो रिंगांना, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवून देणाऱ्या रिंगांना.

त्याआधी दाते मोजून घेतले (आधी फिरवणाऱ्या गिअरचे, मग फिरणाऱ्याचे). पहिला ११:३८ म्हणजे ३.४५, दुसरा २०:३९ म्हणजे १.९५, चौथा ३४:३३ म्हणजे ०.९७, पाचवा ३९:३० म्हणजे ०.७७. फायनल ड्राइव्ह, म्हणजे चाकांकडे जाणारी शेवटची जोडी, १५:६१. गुणाकार केला तर पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या साधारण १४ फेऱ्यांना चाकाची एक फेरी. हे ११ आणि ३८ असे अडनिडे आकडे मुद्दाम निवडतात. दोघांना सामाईक विभाजक नाही, त्यामुळे दातांची एक जोडी एकदा भेटली की लहान गिअरच्या ३८ फेऱ्या झाल्याशिवाय पुन्हा भेटत नाही आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. १२:३६ घेतलं असतं तर लहान गिअरचा एखादा खराब दात जन्मभर त्याच तीन दातांना खात बसला असता.

मॉडेल बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘दांडा हलवला की यातला कुठला गिअर सरकतो?’ पुढे जाणाऱ्या पाचांपैकी एकही नाही. सगळ्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्याच असतात. प्रत्येक जोडीतला एक गिअर शाफ्टवर नीडल बेअरिंगवर मोकळा फिरत असतो. सरकते ती स्लीव्ह, म्हणजे आतून दाते असलेलं कडं. मधला हब शाफ्टला स्प्लाइनने (लांब खाचांनी) पक्का, स्लीव्ह हबवर, आणि ती बाजूला ढकलली की गिअरच्या अंगावरच्या छोट्या डॉग दातांवर चढते. मग तो गिअर शाफ्टचा झाला. खरोखर सरकणारा गिअर फक्त रिव्हर्सचा आयडलर, म्हणजे दिशा उलटवणारा मधला गिअर. त्याचे दाते सरळ कापलेले, म्हणून मागे जाताना तो कण्हतो.

आता रिंग. दुसऱ्या गिअरची रिंग हातात घेतली तर आतल्या शंकूवर बारीक आटे दिसतात. ते तेलाचा थर कापून बाजूला काढण्यासाठी असतात. थर निघाल्याशिवाय पितळ स्टीलला धरत नाही. बाहेरच्या दातांची टोकं निमुळती आहेत आणि हबमधल्या खाचांत रिंगेला जेमतेम अर्धा दात इकडे-तिकडे फिरण्याइतकी ढील आहे. सगळी करामत त्या ढिलीत आहे. स्लीव्ह रिंगेला गिअरच्या शंकूवर दाबते, वेगातल्या फरकामुळे रिंग ओढली जाऊन अर्धा दात फिरते आणि तिचे दाते स्लीव्हच्या वाटेत आडवे येतात. फरक असेतोवर वाट बंद. वेग जुळला की ओढ संपते, स्लीव्हच रिंगेला परत फिरवते आणि आत शिरते. हातात दांड्याला क्षणभर जो अडखळा जाणवतो तो हाच.

दुसऱ्याचीच रिंग का संपते, हे वरच्या आकड्यांतच आहे. ४००० आरपीएमला पहिल्यातून दुसरा टाकला तर इनपुट शाफ्ट, क्लच प्लेट आणि सोबत फिरणारे सगळे गिअर २२६० च्या आसपास आणावे लागतात. चौथ्यातून पाचव्यात जाताना हेच ३१७० वर भागतं. मधली सगळी ऊर्जा त्या इवल्याशा पितळी शंकूवर उष्णता होऊन जाते. रिंग शंकूवर दाबून मागची फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजली: तिसऱ्या-चौथ्याला ०.९ मिमी, दुसऱ्याला ०.३. या बॉक्सला ती किमान ०.५ हवी. नवी रिंग बसवणार, पण जुनी शेजारी टांगून ठेवणार. आट्यांचे माथे किती सपाट झालेत ते नुसत्या डोळ्यांना दिसतं. तेल जीएल-४ च (हा गिअर तेलाचा वर्ग). ‘आकडा मोठा म्हणजे माल चांगला’ म्हणून अशा बॉक्समध्ये जीएल-५ ओतणारे बरेच भेटतात. त्यातल्या गंधक-फॉस्फरसच्या जास्त मात्रेने पितळ खराब होऊ शकतं, आणि रिंगेला हवी ती पकडही मिळत नाही.

उरलेला वेळ पुढच्या स्ट्रटवर, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडावर, गेला. स्प्रिंगची तार १२ मिमी, वेटोळ्याचा मध्यव्यास १३० मिमी, कामाचे वेढे ५. सूत्रात घातलं तर ताठपणा १८.६ न्यूटन प्रति मिमी येतो. एका कोपऱ्यावर ३०० किलो धरले तर गाडी सेकंदाला सव्वा वेळा झुलेल, म्हणजे प्रवासी गाडीला शोभेल असंच. तारेचा व्यास चौथ्या घातात येतो, त्यामुळे १२ ची १३ केली की स्प्रिंग जवळजवळ ३८ टक्के कडक. आणि गाडी खाली बसवायला वेढा कापणाऱ्यांनी हेही बघावं: पाचातला एक गेला की उरलेली स्प्रिंग २५ टक्के कडक होते.

पण स्प्रिंग ऊर्जा फक्त साठवून परत देते. ती संपवायचं काम शॉकअपचं, आणि तिथेही रिंगेसारखाच हिशेब: गती खाऊन उष्णता करायची. निकामी झालेला एक ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) शॉकअप आधी भोक पाडून, तेल काढून, मग उभा चिरला. (मोनोट्यूबला करवत लावू नका, आत दाबाखाली नायट्रोजन असतो.) पिस्टनवर कागदासारख्या पातळ स्टीलच्या चकत्यांची चळत आहे. तेल तिला वाकवून वाट काढतं. दांडा वर खेचायला जड आणि खाली दाबायला हलका, कारण चाक खड्ड्याच्या काठावर उचललं जाताना फार अडवलं तर तोच दणका बॉडीला बसतो. खरा आवर घालायचा तो स्प्रिंग उसळून सुटते तेव्हा. चकत्या ठणठणीत होत्या, गेलं होतं ते वरचं सील. तेल कमी झालं, हवा मिसळून फेस झाला, आणि फेस पिस्टनच्या भोकांतून सहज निसटतो.

पुढचं काम मॉडेलला मोटर लावण्याचं. संथ फिरवलं तर गिअर छान दिसतात, पण रिंगेची अडवणूक दिसत नाही. फिरणाऱ्या भागांत तेवढा जोरच नसतो. म्हणून क्लच प्लेट इनपुट शाफ्टवर तशीच ठेवून तिच्यावर एक जड चकती बसवायचा विचार आहे, आणि मोटरला मध्ये एकदिश बेअरिंग, म्हणजे गिअर टाकताना मोटर बंद केली की शाफ्ट तिच्यापासून सुटा फिरेल. चकतीचं वजन अजून ठरायचंय.