सोनेरी बीट : सगळी परीक्षा उगवणीची

पुण्यात ऑक्टोबरचा उकाडा ओसरला की बिटाची पेरणी करता येते, आणि लाल बीट मी परसातल्या वाफ्यात अनेक हिवाळे विनातक्रार घेत आलो आहे. सोनेरी बीट मात्र उगवणीपाशीच अडते. लाल बिटाच्या मानाने त्याची उगवण बहुधा कमी आणि मागेपुढे होणारी असते. म्हणूनच त्याच्या पाकिटावर उगवणक्षमतेची टक्केवारी आणि चाचणीची तारीख असणे अधिक गरजेचे आहे. मी ऑनलाइन मागवलेल्या पाकिटावर यांपैकी काहीच नव्हते, लॉट क्रमांकही नव्हता. वाफ्यात तुरळक रोपे दिसल्यावर मी विक्रेत्याला विचारले, तेव्हा 'पाणी जास्त झाले असेल' एवढेच उत्तर आले. बी किती जुने आहे, या साध्या प्रश्नाला उत्तर न देता दोष ग्राहकाच्या झारीवर ढकलणे मला आजही संतापजनक वाटते.

त्यानंतर मी उरलेले बी घरीच तपासले. आपण ज्याला बिटाचे बी म्हणतो, तो खरे तर वाळलेल्या फळांचा खडबडीत गुच्छ असतो. त्याच्या सालीत उगवण रोखणारी द्रव्ये असतात, ती पाण्यात विरघळतात. म्हणून बी चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली धुतले आणि दोन तास कोमट पाण्यात ठेवले. ते दिवसभर बुडवून ठेवू नये, कारण सालीभोवती पाणी साचले की आतल्या कोंबाला प्राणवायू मिळत नाही. मग घट्ट पिळलेल्या ओल्या सुती फडक्यात बी गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवले आणि डबा रोज उघडून पाहिला. काही दिवसांनी तपकिरी गुच्छांच्या कडेला पांढरी, टोकदार मुळे दिसली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मूळ लांबण्याआधीच तो गुच्छ उचलून सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरावा, कारण लांबलेले मूळ हाताळताना तुटते.

वर माती दाबू नये. आमच्याकडील काळी माती पाणी दिल्यावर सुकून कडक पापुद्रा धरते आणि कोवळा कोंब खालीच अडकतो, त्यामुळे मी बियांवर चाळलेले गांडूळ खत आणि कोकोपीट पसरले, गोणपाट अंथरले आणि पहिला कोंब दिसताच ते काढून घेतले. चिमण्यांसाठी जाळी त्याच दिवशी लावावी.

एका गुच्छातून दोन-तीन रोपे येतात. विरळणी करताना जोमदार रोप ठेवून बाकीची कात्रीने कापावीत, उपटल्यास शेजारच्या रोपाची मुळे हलतात. सोनेरी बिटाच्या रोपाचा देठ पिवळसर असतो, त्यामुळे लालसर देठाचे रोप दिसले तर बियाण्यात भेसळ आहे असे समजावे. दोन रोपांत आठ ते दहा सेंटिमीटर अंतर ठेवले की पुढचे काम नियमित पाण्याचेच उरते.

साधारण दोन महिन्यांनी, टेनिसच्या चेंडूहून लहान असतानाच मी कंद काढले. या कंदात लाल रंगद्रव्य नसते, त्यामुळे कोशिंबिरीतले दही गुलाबी होत नाही. पाने टाकू नयेत. लसणाची फोडणी देऊन केलेली त्यांची भाजी आमच्या घरी कंदाआधी संपते.