सगळं धरून किती? लातूरहून समुद्राकडं

लातूरहून समुद्र गाठायचा म्हणजे कुठूनही पाचशे किलोमीटरच्या आसपास पडतं. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत एकालाही किनारा नाही. त्यामुळं शनिवारी अलिबागला जाऊन रविवारी रात्री घरी परतणाऱ्या पुण्या-मुंबईकरांचे सल्ले आमच्या फारसे कामाचे नसतात. त्यांना एखादं रिसॉर्ट नाही आवडलं तर पुढच्या महिन्यात दुसरं बघतील. आमचे मिस्टर आडत दुकानात मुनीम. दिवाळीत मोंढा (धान्याचा बाजार) बंद असतो तेवढेच दिवस ते मोकळे, आणि तेवढ्यातच काय तो समुद्र.

यंदाचं बुकिंग परवाच झालं. दोन-तीन मैत्रिणींनी विचारलं की कसं ठरवलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आमच्या घरात भावापेक्षा पट्टीला, म्हणजे आडतीवरच्या हिशोबाच्या चिठ्ठीला, मान. सोयाबीनचा भाव काय पुकारला ते शेतकरी ऐकून घेतो, पण हमाली-तोलाई वजा जाऊन पट्टीवर शेवटी काय आकडा येतो त्यावर त्याची दिवाळी ठरते. 'ऑल इन्क्लुझिव्ह' म्हणणाऱ्या रिसॉर्टचा दर मी तसाच वाचते, फक्त उलट्या बाजूनं. इथं वजा काही होत नाही, मिळवतच जावं लागतं. एसीचे वेगळे, जादा गादीचे वेगळे, संध्याकाळच्या चहाचे वेगळे, सुरमईचे तर वेगळेच.

फोनवर समोरचा माणूस 'एपी आहे ताई, काळजी नको' असं म्हणाला की बऱ्याच जणी मान डोलावतात. तर हे घ्या. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, बहुतेक करून रात्रीचं. एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही वेळची जेवणं. लेकरांसाठी अजून दोन अक्षरी भानगडी आहेत, गादीसकट लेकरू आणि गादीशिवाय लेकरू, त्यांचे दर निराळे. ज्याला खरोखर सगळं धरून म्हणतात, म्हणजे मधल्या वेळचं खाणं, सरबत, खेळ सगळं, तसं आपल्या कोकणात आपल्या खिशाला परवडेल असं फार सापडत नाही. एपी आणि दोन वेळचा चहा मिळाला की मी त्याला सगळं धरून समजते.

लेकरं बरोबर असली की एपीच घ्यावं, हे माझं ठाम मत. मोठी माणसं बाहेर कुठंही जेवतील. पण पाण्यातून निघालेल्या लेकराला ज्या क्षणी भूक लागते त्याच क्षणी ताट लागतं. अंगाला वाळू, ओठ निळे, आणि रडारड सुरू. तेव्हा हॉटेल शोधत हिंडणं, मग रांग, मग 'दादा, एक वरणभात लवकर', ह्यातच सहलीची माती होते.

आता वयाचा मामला. बहुतेक ठिकाणी पाच वर्षांपर्यंत फुकट, पाच ते दहा अर्धा दर आणि पुढं पूर्ण, असं काहीतरी असतं, पण रेषा प्रत्येकाची वेगळी. आमची थोरली २०१६ सालची, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं त्या उन्हाळ्यातली. दहाची झाली आणि हॉटेलवाल्यांच्या लेखी अचानक बाईमाणूस झाली. खाते दीड पोळी, पैसे पूर्ण थाळीचे! इथं मी घासाघीस केली. एका ठिकाणी बारापर्यंत अर्धं करून दिलं, एकानं 'सिस्टीमला येत नाही' म्हणून सांगितलं. ज्याची सिस्टीम माणसाचं ऐकत नाही तिथं रात्री अकरा वाजता लेकराला दूध गरम करून मिळेल का, तुम्हीच सांगा.

दुधावरून आठवलं. मागं एका ठिकाणी (नाव नको, तारांकित होतं म्हणे) धाकट्यासाठी कपभर दूध मागितलं, तर ते 'रूम सर्व्हिस' म्हणून बिलात आलं, वर नाश्ता साडेनऊला बंद. तेव्हापासून फोनवर मी एक प्रश्न हमखास विचारते, 'काल रात्री जेवायला काय होतं?' काय मिळतं असं विचारलं की सगळेच चायनीजपासून पंजाबीपर्यंत यादी म्हणतात. काल काय होतं म्हटलं की खरी चूल कळते. मालवणला घरगुती निवास चालवणाऱ्या काकूंनी जरासुद्धा न अडखळता सांगितलं, बांगड्याचं तिखलं, शाकाहाऱ्यांना काळ्या वाटाण्याची उसळ, भात, सोलकढी, आणि एका लेकरासाठी बिनतिखटाची डाळ वेगळी काढली होती. त्या एका लेकराच्या डाळीवर माझा निम्मा निर्णय झाला.

उरलेला निम्मा आत्याबाईंवर अवलंबून होता. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या माळकरी. मासळीचा वास चालतो, पण ज्या तव्यावर मासा तळला त्यावरची पोळी चालत नाही. कोकणात शाकाहारी जेवण मिळतं का, हा प्रश्न फुकटचा, कुठंही मिळतंच. 'तवा वेगळा आहे का' हे विचारायचं. बऱ्याच घरगुती निवासांत तवाच काय, शाकाहारी स्वयंपाकाची चूलही वेगळी असते. मोठ्या रिसॉर्टात मात्र फोन उचलणाऱ्या पोराला स्वयंपाकघर कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा माहीत नसतं.

जागेवरून घरात थोडी रस्सीखेच झाली. आत्याबाईंना गणपतीपुळं हवं होतं. देव समुद्रकाठी, एमटीडीसीचं निवासस्थान देवळापासून पायी जाण्याइतकं, आणि रस्ता तर आमच्या दारावरून गेल्यासारखा. नागपूरहून नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाटानं रत्नागिरीत उतरतो तोच महामार्ग. सगळं जुळत होतं, पाणी सोडून. गणपतीपुळ्याचा किनारा देखणा, पण उतार अंगावर येणारा आणि पाण्याला ओढ. तिथं धोक्याचे फलक उगीच लावलेले नाहीत, बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. विहिरीत पोहायला शिकलेली आमच्याकडची माणसं समुद्राला मोठी विहीर समजतात, हीच खरी भीती. विहिरीचं पाणी जागेवर असतं, हे नसतं.

म्हणून लेकरं असतील तर रिसॉर्टच्या आधी किनारा निवडा. स्विमिंग पूल, घसरगुंडी, रेन डान्स ह्यांचे फोटो बघून ठरवायचं असेल तर पाचशे किलोमीटर कशाला, ते लातूरच्या आसपासही मिळतं. सपाट, कडक वाळूचा, हळूहळू खोल होत जाणारा किनारा हवा. दापोलीकडं कर्दे, लाडघर तसे आहेत, पण आम्हाला वळसा फार. मालवणात चिवला बीच आहे, अर्धगोल, बराचसा शांत. समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धा तिथं भरतात, यावरून काय ते समजा. तारकर्लीची वाळू जास्त पांढरी, गाजावाजा जास्त, दिवाळीत गर्दीही जास्त. पुढं देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या संगमाजवळ लेकरांना पाण्यात सोडू नये. आम्ही चिवल्याजवळचं घरगुती निवास धरलं. आत्याबाईंसाठी कुणकेश्वर, तोही थेट समुद्रकाठचा महादेव. त्यांनी थोडं तोंड वाकडं केलं, मग जाताना कोल्हापूरला मुक्काम आणि अंबाबाईचं दर्शन, वाटेत तुळजापूर आहेच, एवढ्यावर तह झाला.

आता भरती-ओहोटी. ह्याचं ॲप आहे, मिळतं, पण आत्याबाईंचं पंचांग पुरतं. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब आहे. तिथीला पाऊण पटीनं गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. आम्ही कार्तिक शुद्ध पंचमीला तिथं असू. पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी, सकाळी पावणेदहाला, ओहोटी संपते. रोज साधारण पाऊण तास पुढं. अर्धा-पाऊण तास इकडं-तिकडं होतं, पण बेत आखायला एवढं बस्स. पाणी उतरत असताना आत ओढतं, म्हणून लेकरांना ओहोटी संपून पाणी परत चढू लागल्यावर न्यायचं. म्हणजे नाश्ता करून दहाला निघालं की झालं. नाश्त्याची वेळ विचारायची ती अशासाठी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा काठावरच किल्ले करायचे.

आणि एक तारीख आमच्या भागातल्यांनी सांभाळावी, कार्तिकी एकादशीची. परतीचा रस्ता सांगोला-मंगळवेढ्यावरून, पंढरपूर तिथून जवळ. दशमीच्या आत घरी पोचायचं, नाहीतर रस्त्यात अडकायचं, आणि आत्याबाई म्हणणार, आलोच आहोत तर वळवा गाडी.

उन्हाळ्याच्या सुट्टीचं म्हणाल तर मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरका. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, ताजी मासळी महाग. पाण्यातले खेळ आणि किल्ल्याच्या होड्याही पावसाळ्यात बंद. तेव्हाचे दर स्वस्त दिसतात ते त्यामुळंच. पाऊस बघायचा असेल तर जरूर जा, समुद्रात खेळायचं असेल तर नको.

पैशाचं उघड सांगते. काकूंचा दर मोठ्या माणसाला दिवसाला २,२०० रुपये, राहणं, नाश्ता, दोन जेवणं, दोन चहा धरून. लेकरांना बारापर्यंत अर्धं, धाकट्याचं काही नाही. सुरमई-पापलेट बाजारभावानं वेगळं, बांगडा नाहीतर कोळंबी थाळीतच. एका नावाजलेल्या रिसॉर्टचा दर ऐकायला ह्याच्यापेक्षा कमी होता. मिस्टरांनी त्याची पट्टी मांडली. एसी, दोन जादा गाद्या, पूलसाठी नायलॉनचे कपडे सक्तीचे आणि ते भाड्यानं, पाण्याच्या बाटल्या, वर जीएसटी. शेवटचा आकडा काकूंच्या वर गेला. त्यातही जीएसटी त्यांनी १२ टक्के लावला होता. दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के आहे. हे सांगितल्यावर पलीकडून 'चेक करून सांगतो', आणि मग फोन नाही.

जे कुणी विचारत नाही ते ड्रायव्हरचं. आम्ही क्रूझर करून जातो. आम्ही पाच मोठे, वन्संचा धरून तीन लेकरं, सामान, आणि ड्रायव्हर. त्याचा भत्ता गाडीमालकाशी ठरतो, पण तो झोपणार कुठं, जेवणार कुठं? काही ठिकाणी 'ड्रायव्हर बाहेर बघेल' म्हणतात. रात्रभर गाडीत डास मारत बसलेल्या माणसाच्या हातात दुसऱ्या दिवशी फोंडा घाट द्यायचा आणि मागं आपली लेकरं बसवायची, हे मला पटत नाही. काकूंनी पडवीत खाट, पंखा आणि जेवण कबूल केलं, थाळीचे तेवढे पैसे लावून.

बाकी फुटकळ. गाडी लागू नये म्हणून खिडकीजवळ कोण ते आधी ठरवा, भांडण वाचतं. घाटाआधी लेकरांना पोटभर खायला घालू नका. शेंगाची चटणी आणि दोन दिवसांच्या भाकरी सोबत न्या, खोबऱ्याच्या जेवणाला तिसऱ्या ताटापासून आमच्या जिभा कंटाळतात. स्कुबा, बनाना राइड, पॅरासेलिंग कशातच धरलेलं नसतं, पॅकेजवाल्यानं कितीही सांगितलं तरी. आमच्याकडं लेकरामागं एकच खेळ, तो त्यांनी निवडायचा.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर मात्र सगळ्यांना न्यायचंच. मालवणच्या धक्क्यावरून होडी जाते. चहूबाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. थोरलीला मी हे सांगितलं तर म्हणाली, 'मग लातूरला का नाही लागत पाणी?' तिच्या बापानं तिला बोअर किती फुटांवर गेलेत ते सांगायला सुरुवात केली आणि मी काकूंना आगाऊ रक्कम पाठवायला बसले. निम्मी पाठवली. काय काय धरलंय, ड्रायव्हरच्या खाटेसकट, ते सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं, आणि काकूंचा 'होय' आल्यावरच पैसे सोडले.